‘आम्ही’ आणि ‘आपण’ : नवागत मिशनऱ्यांच्या मराठीसंबंधी एक विचार

मराठी गद्याच्या इतिहासात ‘पाद्री मराठी’ हा शब्दप्रयोग दूषण म्हणून रूढ झाला आहे. परकीय धर्मोपदेशकांनी लिहिलेली, इंग्रजी वळणाची, कानाला खटकणारी भाषा असा त्याचा अर्थ; आणि हा शब्द एकदा उच्चारला की विवेचन संपले, असे आपले अभ्यासक बहुधा धरून चालतात. या दूषणात तथ्य नाही असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. परंतु दोष नेमका कोठे आहे आणि तो कशामुळे उत्पन्न झाला, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहून जातो. नव्या देशात उतरलेल्या माणसाला पाणी कोण आणून देते, त्याचा बाजार कोण करते, त्याच्या ओसरीवर कोण येते आणि कोण अंगणातच थांबते, यावर त्याची भाषा घडत असते. मिशनऱ्यांच्या मराठीचे परीक्षण या दैनंदिन जीवनाच्या अंगाने व्हावयास हवे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

नेवाशास बसून हा विचार करण्यास विशेष कारण आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी येथे सिद्ध झाली; ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला असे परंपरा मानते, तो खांब आजही येथे आहे. संस्कृतातील अर्थ देशी भाषेत आणताना समोर श्रोता कोण आहे याचे भान त्या ग्रंथात कोठेही सुटत नाही. याच नेवासे तालुक्यात वडाळे येथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. एका मुलुखात, सहा शतकांच्या अंतराने, परभाषेतील धर्मविचार मराठीत आणण्याचे हे दोन उद्योग झाले. दोहोंना एकच कसोटी लावता येईल : बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला आपल्यात घेतले की नाही?

कालक्रमाने आधी गोव्याकडे वळले पाहिजे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे २४ ऑक्टोबर १५७९ रोजी पोर्तुगिजांच्या गोव्यात पोचले. मातृभाषा इंग्रजी, विद्येची भाषा लॅटिन, राज्यकर्त्यांची पोर्तुगीज आणि लोकांची कोंकणी-मराठी, अशा चार भाषांच्या पेचात हा मनुष्य सापडला होता. १५८३ साली त्यांनी आपल्या भावास लिहिलेले पत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळती आहे, असे निरीक्षण त्यात असल्यामुळे भाषाशास्त्रज्ञांना ते परिचित आहे. परंतु त्याच पत्रात नारळाच्या झाडाचे जे वर्णन येते, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तेल, ताडी, गूळ, शिर्का, सुंभ, झोपडीवर घालावयाची झावळे, तहान भागविणारे पाणी असा एका झाडाचा सारा संसार त्यांनी मांडला आहे. व्याकरणावरील निरीक्षण आणि झाडाच्या उपयोगांची ही यादी एकाच पत्रात यावी हा योगायोग मानू नये. भाषा शिकणे आणि राहावयास शिकणे ही त्या माणसाच्या लेखी एकच क्रिया होती.

त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे १६१६ साली छापले गेले. म्हणजे आगमन आणि ग्रंथ यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे. मोगरी, कस्तुरी, मोर यांच्या उपमांनी केलेली त्यातील मराठीची स्तुती आपण अभिमानाने सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. माझ्या मते त्या स्तुतीपेक्षा प्रस्तावनेतील एक कबुली अधिक मोलाची आहे. शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही हे पाहून, मागील कवींचे अवघड शब्द सोडून व ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द ठायी ठायी मिसळून रचना सुगम केली, असे स्टीफन्स सांगतात. गुरूकडून मिळालेली भाषा त्यांनी श्रोत्यासाठी वाकविली. त्यांनी ते पत्र लिहिले त्याच्या पुढच्याच वर्षी, शके १५०६ मध्ये, एकनाथ पैठणास ज्ञानेश्वरीची संशोधित प्रत सिद्ध करीत होते. एकाने जुना पाठ जपला, दुसऱ्याने जुना शब्द सोडला. पण वाचणाऱ्याची चिंता दोघांनाही होती.

येथे एका गोष्टीचा विसर पडू देता कामा नये. ही समरसता निष्पाप नव्हती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि धर्मोपदेशकामागे राजसत्ता उभी होती. जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही द्या, अशी मागणी ग्रंथारंभी एका ब्राह्मणाच्या मुखी घातलेली आहे. जे हिरावून घेतले गेले त्याच्या रिकाम्या जागेवर हे पुराण उभे आहे. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणणारा हा कवी संस्कारांची नावे मात्र लॅटिन-पोर्तुगीजच ठेवतो. कोठे मिसळावयाचे आणि कोठे नाही, याची रेषा त्याने स्वतःच आखली होती. मेक्सिकोत १५२९ साली उतरून तेथील नाहुआट्ल भाषेत बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणाऱ्या सहागून या स्पॅनिश फ्रान्सिस्कन साधूविषयीही हेच म्हणता येईल.

अहमदनगरकडील परिस्थिती निराळी होती. विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली रचले ते बंगालात, पंडित वैजनाथांच्या साहाय्याने. मराठी माणसांच्या वस्तीपासून शेकडो कोस दूर. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ही दूरता नव्हती. १८३१ मध्ये त्यांनी नगरास ठाणे केले. परंतु येथे दुसरी एक दूरता उत्पन्न झाली. भाषा शिकविणारा पंडित बहुधा ब्राह्मण असे. आणि मिशनचा श्रोतृवर्ग, विशेषतः खेड्यांतून, प्रामुख्याने महार व मांग समाजांतील होता. बंगल्यात सकाळी शिकलेली भाषा संध्याकाळी ज्यांच्यासमोर बोलावयाची, ती त्यांच्या घरातली नव्हे. ‘पाद्री मराठी’चे कारण केवळ इंग्रजीत शोधणे म्हणून अपुरे आहे. तिच्यातील कृत्रिमतेचा एक अंश आपल्याच समाजरचनेने पुरविलेला आहे.

आता दोषाचे स्थान पाहू. ते शब्दांपेक्षा वाक्यांत आहे आणि वाक्यांपेक्षा संबोधनात आहे. भूक, तहान, थंडी, भीती या गोष्टी मराठीत माणसाला ‘लागतात’ किंवा ‘वाटतात’. तेथे माणूस कर्ता नसतो. ‘मी भुकेला आहे’ हे अशुद्ध नव्हे, पण जेवणवेळी घरात कोणी तसे म्हणत नाही. ‘मला भूक लागली’ असेच म्हणतो. ही रचना व्याकरणातून समजते, परंतु अंगवळणी पडते ती पंगतीतच. त्याहून सूक्ष्म आहे तो ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद. इंग्रजीत दोहोंस एकच सर्वनाम पुरते. मराठीत मात्र ऐकणाऱ्यास वगळावयाचे की सामावून घ्यावयाचे, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. ईश्वरास उद्देशून केलेल्या प्रार्थनेत ‘आमचा पिता’ हेच युक्त, कारण तेथे श्रोता स्वतः ईश्वर आहे. परंतु चावडीपुढे जमलेल्या मंडळींस ‘आमचा पिता’ म्हटले, की तो पिता त्यांचा राहत नाही. ‘आपला’ म्हणावयाचे तर आधी त्यांच्याबरोबर बसावे लागते. व्याकरणाचा नियम येथे राहणीचा प्रश्न होतो.

या वाटेवर उलट दिशेने चालणाऱ्यांचाही अनुभव आपल्यापाशी आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याओवळ्याचे बंध पाण्याच्या आणि अन्नाच्या व्यवहारात एकेक करून कसे सैल झाले, ते त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांची भाषा मात्र पहिल्या पानापासून अखेरपर्यंत घरातली राहिली. म्हणून त्या ग्रंथास ‘पाद्री मराठी’ म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. धर्म बदलल्याने भाषा कृत्रिम होत नाही, उंबरा न ओलांडल्याने होते, असा निष्कर्ष यातून काढावयास हरकत नसावी.

वडाळ्याच्या ठाण्यावर दीर्घकाळ राहिलेले सॅम्युअल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) हे पक्षी व वनस्पतींचे जाणते अभ्यासक होते. दक्षिणेतील एका पक्ष्यास त्यांचे नाव मिळाले आहे. नव्या मुलुखातील पाखरे ओळखणे आणि तेथील माणसांच्या वाक्यात शिरणे या दोन निरनिराळ्या विद्या होत. पहिली निरीक्षणाने साधते. दुसरीसाठी स्वतःचेही निरीक्षण होऊ द्यावे लागते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस म्हणून सुचवावेसे वाटते की, मिशनऱ्यांच्या मराठी ग्रंथांतील इंग्रजी वळणांची यादी करण्याचे काम आता पुरे झाले. त्याऐवजी त्यांतील सर्वनामे मोजावीत. ‘आम्ही’ कोठे येते, ‘आपण’ कोठे येते, आणि ‘तुम्ही’ कोणाला म्हटले आहे हे तपासावे. तीच कसोटी मग आपल्या स्वतःच्या विद्वत्प्रचुर गद्यासही लावून पाहावी. खेड्यातून आलेला विद्यार्थी ज्या भाषेत आपली प्रबंधिका लिहितो, ती तरी त्याच्या घरातली असते काय? पाद्र्यांना दिलेले दूषण आपल्यावरही उलटण्याचा संभव आहे, आणि ते तपासून पाहण्यास नेवाशासारखे दुसरे ठिकाण नाही.