वळिवड्याच्या आठवणी आणि मातांचे मौन

कोल्हापूरजवळील वळिवडे आम्हा खानदेशकरांना दूरचे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. तेथील जुन्या रहिवाशांच्या संघटनेने कागदपत्रे व आठवणी जमवून सिद्ध केलेला ‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’ हा ग्रंथ २००० साली पोलिश भाषेत आणि २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. छावणीतील चर्च, शाळा, बालवीर पथके, नाटके यांचे त्यातील चित्रण मनोवेधक आहे. ग्रंथाचे मोल मोठे. तरीही एक तक्रार नोंदवावीशी वाटते.

आठवणी लिहिणारे बहुतेक जण त्या वेळी लहान होते. सैबेरियातील उपासमारीनंतर त्यांना वळिवडे नंदनवन वाटले, यात नवल नाही. परंतु त्यांच्या आनंदावर ज्यांनी छत्र धरले, त्या मातांचा स्वतःचा शब्द येथे क्षीण आहे. १९४५ साली युद्ध संपले. पण याल्टा परिषदेतील निर्णयानुसार पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेला, आणि बहुतेकींची घरे त्याच भागात होती. परतायचे ते कोठे? पोलंडला जावे, तर जर्मनांनी सोडलेल्या पश्चिम प्रदेशातील परके घर, साम्यवादी सत्ता, आणि सैबेरियात भोगलेले चारचौघांत सांगण्याची चोरी. ज्यांचा पती वा पुत्र ब्रिटिशांच्या हाताखालील पोलिश सैन्यात होता, त्यांना ब्रिटनचे दार उघडले. ज्यांचा हा आधार नव्हता, त्यांतील काहींची रवानगी पूर्व आफ्रिकेत झाली. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत! बराकीत या विषयावर रात्री जे बोलणे झाले असेल, तेव्हा मुले झोपलेली असणार. ग्रंथात त्या रात्री नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केले. कृतज्ञता उचितच, पण यजमानाच्या औदार्याची कथा आपल्यालाही फार सुखावते, आणि मग पाहुणी पुढे कोठे गेली हे विचारायचे राहून जाते.

रूथच्या ग्रंथाचा कर्ता याबाबतीत अधिक धीट आहे. पती व दोन पुत्र गमावून नामी बेथलेहेमला परतते, तेव्हा गावातील स्त्रिया तिला ओळखताना अडखळतात. ती आपले गोड नाव नाकारून कटू अर्थाचे नाव मागते. प्रवचनात आम्ही पुरोहित रूथच्या निष्ठेवर थांबतो. नामीच्या त्या उद्गारापाशी मीही कित्येक वर्षे थांबलो नव्हतो.