अळीला सवय होत नाही

कापसावरील गुलाबी बोंडअळीविषयी बोलताना एक वाक्य हटकून कानावर येते : ‘अळीला आता बीटीची सवय झाली.’ वर्तमानपत्रांतून ते छापून येते, बियाण्याच्या दुकानात ऐकू येते. केज तालुक्यातील नांदूरघाट परिसरातल्या काही शिक्षकांशी बोलताना ते आम्ही पुन्हा ऐकले. बोलणारे गुरुजी नववीला मेंडेल शिकवीत होते, आणि घरच्या शेतात सरकीही लावीत होते. वाक्य चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत कापूस पिकविणाऱ्यांनी मोजलेली आहे.

सवय एका जीवाला, त्याच्या हयातीत होते. तंबाखूची होते, चहाची होते. बीटी कपाशीचे बोंड कुरतडणारी अळी एक तर मरते, नाही तर जगते. सवय व्हायला तिला उसंतच मिळत नाही. बदलतो तो अळ्यांचा समुदाय. विषाला दाद न देणारे जनुक बीटी कपाशी येण्याआधीही काही थोड्या अळ्यांत होतेच. ते बहुतांशी अप्रभावी असते, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडून आले तरच अळी वाचते.

आता थोडे गणित करू. समजा, या जनुकाचे प्रमाण हजारात एक आहे. मग 10 लाख अळ्यांत ते दुहेरी असणारी अळी एखादीच. एकेरी असणाऱ्या 1,998, आणि त्या विषाने मरतात. सगळ्या शिवारात बीटीच असेल तर शेवटी उरतील ते दुहेरी जनुकाचेच पतंग. ते आपसात जोड्या लावतील आणि त्यांची सारी प्रजा विषाला पुरून उरेल. पण 20 टक्के क्षेत्रावर साधी कपाशी असेल, तर तिथून लाख-दोन लाख साधे पतंग उडतील. त्या एखाद्या वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळेल तो बहुधा त्यांच्यातला. त्यांची पिल्ले एकेरी जनुकाची, म्हणजे बीटीवर मरणारी.

बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या सरकीचे 120 ग्रॅमचे वेगळे पाकीट येत असे, ते यासाठी. त्या सरकीवर अळ्या पोसायच्या होत्या! ‘अळीला सवय होते’ असे मानणाऱ्याला हे वेडेपणाचेच वाटणार. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर टाकले, यात नवल नाही. दोन एकरवाल्याने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा किडीला का द्यावा, याचे उत्तर त्याला कोणी दिले होते? सूचनापत्रकावरील बारीक अक्षरांनी ते काम होणार नव्हते. त्यात आम्हा संशोधकांचाही दोष आहे. आम्ही टक्केवारी सांगितली, कारण सांगितले नाही. शिवाय नुकसान एकाच्या शेतात आणि फायदा साऱ्या शिवाराला, हा तिढा आम्ही बाजूलाच ठेवला.

पुढे जे घडले ते जाहीर आहे. 2002 साली एका जनुकाची बीटी कपाशी आपल्याकडे आली, 2006 साली दोन जनुकांची. 2010 साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. 2017 च्या खरिपात महाराष्ट्रातील दोन जनुकांच्या कपाशीची बोंडे आतून पोखरलेली निघाली. नंतर पाकीट बदलले आणि साधी सरकी बीटीतच मिसळून येऊ लागली, म्हणजे टाकून देण्याचा प्रश्नच उरला नाही. पण साडेचारशे ग्रॅमला 25 ग्रॅम, इतकेच तिचे प्रमाण.

योगायोग असा की, नववीचे नवे विज्ञान पुस्तकही 2017 सालचेच. त्यात ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ एकीकडे आणि ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ दुसरीकडे. मेंडेलचा वाटाणा येतो, 3:1 येते, 9:3:3:1 येते, चौकट पाठ होते. पण हे जनुक हजारो जीवांच्या समुदायात पिढ्यानुपिढ्या कसे वाढते वा घटते, हा प्रश्न दोन्ही प्रकरणांच्या मधल्या फटीत पडतो. बोंडअळी त्याच फटीतून शिरली, असे आम्ही म्हटले तर संपादकांनी रागावू नये.

खरे तर 9:3:3:1 दाखवायला वाटाण्याची गरज नाही. आपल्याकडील बहुतेक बीटी कपाशी संकरित असते, आणि विषाची दोन्ही जनुके तिला एकाच पालकाकडून मिळालेली असतात. म्हणून तिच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. दर सोळांत सरासरी नऊंत दोन्ही विषे, तिघींत पहिले, तिघींत दुसरे आणि एकीत एकही नाही. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या धरल्या तर एखाद-दुसरी बिनविषारी निघणारच. गुलाबी अळी खाते ती मुख्यतः सरकीच. तिला कमी-जास्त विष मिळत जाते, आणि एकेरी जनुकाची जी अळी मरायला हवी तीही वाचण्याची शक्यता वाढते. मेंडेलचे गुणोत्तर असे बोंडात बसलेले असताना ते फळ्यावर वाटाणे काढून शिकवावे, हे आम्हाला पटत नाही.

दुसरा प्रश्न गुरुजींनीच काढला. ‘सर, मग हिरव्या बोंडअळीचं असं का झालं नाही?’ प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि उत्तर त्यांच्याच शिवारात होते. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते. तिथे बीटी नाही, त्यामुळे साध्या पतंगांचा पुरवठा आपोआप होतो. गुलाबी अळीचे पोट मात्र जवळजवळ कपाशीवरच. त्यात पाणी असलेला शेतकरी फरदड घेतो, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवतो, आणि तिला उन्हाळ्यापर्यंत आसरा मिळतो. चीनमध्ये काही भागांत संकरित कपाशीची दुसरी पिढी पेरली गेली. तिच्यात एक चतुर्थांश झाडे आपोआप बिनबीटीची निघाली, आणि तिथे अळीची दाद न देण्याची वाढ मागे फिरली. 3:1 चा इतका उपयोगी दाखला आम्हाला दुसरा ठाऊक नाही.

वर्गात करायचे तर 180 ज्वारीचे आणि 20 तुरीचे दाणे पिशवीत घालून न पाहता जोड्या काढाव्यात. तूर-तूर सुमारे एकच निघेल. ती सोडून बाकी ‘मारून’ टाकावे, आणि पुढच्या खेपेस पिशवीत ज्वारीची मूठ टाकून व न टाकता, दोन्ही प्रकारे खेळ करावा. गुरुजींनी तो त्याच दुपारी करून पाहिला. ज्वारी न टाकलेल्या पिशवीत तिसऱ्या खेपेला काय निघेल, हे हात घालण्याआधीच मुलांनी ओरडून सांगितले.