खेळाचे पाठभेद : जुने व्हिडिओ गेम जपणाऱ्यांच्या कपाटांविषयी

जुलै २०२१मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावघराने ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ गेमची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली. हा गेम मुळीच दुर्मीळ नाही. १९९६मध्ये तो बाजारात आला आणि त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. लिलावातल्या प्रतीचे वेगळेपण इतकेच, की तिच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन कधी फाडले गेले नव्हते. पारख करणाऱ्या कंपनीने तिला दहापैकी ९.८ गुण देऊन पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद केले होते. म्हणजे एवढे मोल मिळाले ते खेळाला नव्हे, तर तो कधीच खेळला गेला नाही या गोष्टीला.

श्रीमंतांचे खूळ म्हणून हा प्रकार सोडून देता येईल. पण त्यात सगळ्याच संग्राहकांपुढचा एक पेच उघडा पडतो. व्हिडिओ गेम जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे? खोका, कॅसेट, यंत्र, की खेळण्याची क्रिया? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संग्राहक शब्दांत देत नाही, कपाटाच्या मांडणीतून देतो. म्हणून अशा कपाटांकडे हौसेचा पसारा म्हणून न पाहता एखाद्या टीकाग्रंथाप्रमाणे पाहावे, असे मला वाटते. काय वर ठेवले, काय मागे ढकलले, काय घेतलेच नाही, यातून तो संग्राहक खेळाचा एक अर्थ लावत असतो. आणि अर्थ लावला, की तो तपासणेही आले.

तीन मांडण्या

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला वर सांगितलेला, मोहोरबंद वस्तूचा. दुसरा पूर्णत्वाचा ध्यास घेणाऱ्यांचा. निन्टेन्डोच्या एनईएस या यंत्रासाठी अमेरिकेत अधिकृत परवान्याने सुमारे पावणेसातशे गेम निघाले. ते सगळे मिळवायचे, भिंतभर फळ्यांवर वर्णानुक्रमाने लावायचे, जमल्यास प्रत्येकाचा खोका आणि माहितीपुस्तिकाही मिळवायची. या मांडणीला ग्रंथालयाची शिस्त असते. एनईएसच्या कॅसेटला पुस्तकासारखा कणा आहे, त्यावर नाव छापलेले आहे. त्यामुळे ती फळीवर उभी लावता येते. पुढच्या निन्टेन्डो ६४च्या कॅसेटला कण्यावर नावच नाही. मग ती समोरून दिसेल अशी ठेवावी लागते आणि जागा खाते. वस्तूची घडणच संग्राहकाला वळण लावते, ते असे.

तिसरा प्रकार खेळत्या खोलीचा. जुना फुगीर काचेचा टीव्ही, त्याला जोडलेले यंत्र, जमिनीवर गादी आणि फळीवर मोजक्याच, पण चालू कॅसेट. इथे लेबल फाटलेले असले तरी बिघडत नाही. ही मंडळी बहुधा संख्येविषयी बोलत नाहीत. बटण दाबल्यावर पडद्यावर उडी किती चटकन लागते, याविषयी बोलतात.

संग्रहालयांनाही हा पेच सुटलेला नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने नोव्हेंबर २०१२मध्ये ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’, ‘मिस्ट’ यांसह १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले. ते घेतले आरेखनाचे नमुने म्हणून. प्रदर्शनात मूळची रंगीबेरंगी कपाटे, खोके, जाहिराती यांना जागा नव्हती. भिंतीत बसवलेला पडदा आणि समोर खेळण्याची कळ, एवढेच. भूमिका स्वच्छ होती : पाहायचे ते खेळाच्या रचनेकडे, स्मरणरंजनाकडे नव्हे. पण ‘ईव्ह ऑनलाइन’सारखा हजारो माणसे एकाच वेळी खेळतात तो गेम त्यांना चित्रफीत करूनच दाखवावा लागला. खेळणारा समाज भिंतीवर टांगता येत नाही.

मराठी वाचकाला इथे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या काकासाहेब केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा रोजच्या वापराच्या हजारो वस्तू जमवल्या. काचेआडचा अडकित्ता सुपारी कातरत नाही. तरी त्याचे काम आपल्याला कळते, कारण ते आकारातच दिसते. गेमच्या कॅसेटचे तसे नाही. ती बाहेरून प्लास्टिकची वडी. तिचे काम तिच्या आकारात कुठेच दिसत नाही. म्हणून अडकित्त्याला पुरणारी काच कॅसेटला पुरत नाही.

मरण पावणारी वस्तू

या वस्तूंना स्वस्थ बसून जपले जाण्याची सोयही नाही. १९८७मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्ये नाण्याएवढा एक सेल आहे. खेळ अर्धवट सोडला तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरू व्हावा, यासाठी तो स्मृती जिवंत ठेवतो. तिथे तीन खेळाडूंना आपापले नाव घालता येते. अशी जुनी कॅसेट विकत घेणाऱ्याला कधीकधी आत कुणा अनोळखी मुलाचे नाव सापडते. रद्दीतल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव-तारीख सापडावी, तसेच. अशा सेलचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे धरतात. तो बदलला तर कॅसेट पुन्हा कामाला येते, पण आधी नोंद उतरवून घेतली नसेल तर ते नाव पुसले जाते. न बदलला तरी नाव आपोआप जातेच. वेष्टन न फाडलेल्या प्रतीत हा प्रश्न येत नाही, कारण तिच्यात कुणाचे नावच नाही.

दुसरे उदाहरण ‘डक हंट’ या बदकांच्या शिकारीच्या खेळातल्या बंदुकीचे. ही बंदूक काहीही सोडत नाही, ती पाहते. चाप ओढला, की पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या तोंडाशी असलेल्या डोळ्याला तो उजेड दिसला, तर नेम लागला. हे सगळे जुन्या टीव्हीच्या पडद्यावर किरण ज्या गतीने रेघा ओढतो, तिच्यावर बेतलेले आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते आणि बंदूक आंधळी होते. म्हणजे अस्सल कॅसेट, अस्सल यंत्र, अस्सल बंदूक हाती असूनही, त्या काळचा टीव्ही नसेल तर खेळ नाही. आणि तसले टीव्ही आता बनत नाहीत.

यावरून एवढे ठरते, की अस्सलपणा वस्तूत मावत नाही. तो यंत्र, पडदा, वीज, हात आणि सवय यांच्या जुळणीत असतो. संग्राहकांच्या बोलण्यात मात्र ‘अस्सल’ हा शब्द लेबलाला आणि आतल्या पट्टीवरच्या छापाला चिकटलेला असतो. इथेच माझा मुख्य आक्षेप आहे.

नकलेचा मान

निन्टेन्डोने १९८३मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले. जगाच्या फार मोठ्या भागात ते पोहोचले ते नकलांच्या रूपाने. रशियात १९९२च्या अखेरीस ‘डेंडी’ आले, पोलंडमध्ये ‘पेगासस’. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ या सरसकट नावाने जे घरोघरी आले, त्यातले बहुतेक याच कुळातले. त्याच्या चकतीविना, फितीविना असलेल्या डब्याला आपण ‘कॅसेट’ म्हणालो, कारण घरात खोचायची वस्तू म्हणजे कॅसेट हे आधीच ठरले होते. ‘९९९९ इन १’ असे मिरवणाऱ्या कॅसेटमध्ये खेळ असत मोजकेच. तेच पुन्हा पुन्हा, कधी वेगळ्या टप्प्यापासून, कधी जास्तीचे जीव देऊन. खेळ सुरू झाला नाही, की कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. खरे तर गुण फुंकरीचा नसे, काढून पुन्हा नीट बसवण्याचा असे; फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातू खराब होई.

पुण्या-मुंबईत मी जे थोडे घरगुती संग्रह पाहिले, त्यांत परदेशातून मागवलेल्या अमेरिकी आणि जपानी कॅसेट दिव्यांच्या उजेडात वरच्या फळीवर होत्या. ज्या टीव्ही गेमवर तो संग्राहक लहानपणी खेळला, तो असलाच तर पलंगाखालच्या खोक्यात. विचारले तर उत्तर एकच : ‘ते डुप्लिकेट आहे.’ जे कधी हाती आले नव्हते ते फळीवर, आणि ज्यावर बालपण गेले ते खोक्यात!

नक्कल ही केवळ निकृष्ट प्रत असती, तर हे समजण्यासारखे होते. पण ती तशी नाही. यातल्या अनेक नकलांच्या ध्वनिचिपमध्ये स्वरांच्या लहरींची जोडणी मुळाहून उलटी आहे, त्यामुळे त्याच सुरावटीचा पोत बदलतो. पॅल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांत सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे उमटतात. म्हणजे तोच खेळ सुमारे एक षष्ठांश मंद चालतो. अशा यंत्रावर वाढलेल्याच्या बोटांत बसलेली उडी आणि कानात बसलेले संगीत मुळाहून वेगळे आहे. त्याला आज ‘अस्सल’ मारिओ खेळायला दिला, तर तो उतावळा वाटेल. मग त्याच्यापुरता अस्सल कोणता?

आणि मूळ तरी एक कुठे आहे? ‘कॉन्ट्रा’च्या १९८८च्या जपानी कॅसेटमध्ये टप्प्यांच्या मधली चित्रे आणि नकाशा आहे, अमेरिकी कॅसेटमध्ये ते नाही. युरोपात तोच खेळ ‘प्रोबोटेक्टर’ नावाने आला आणि त्यातली माणसे यंत्रमानव झाली. जपानबाहेर ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला गेलेला खेळ मुळात जपानमधला ‘डोकी डोकी पॅनिक’ हा निराळाच खेळ होता. त्यातली पात्रे बदलून तो मारिओचा केला गेला. अधिकृत कंपन्यांनी केले ते ‘आवृत्ती’ ठरले, अनधिकृत कारखान्याने केले ते ‘डुप्लिकेट’.

या स्थितीला आपल्या परंपरेत नेमका शब्द आहे : पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठ पाहून एकनाथांनी शके १५०६मध्ये तिचे संशोधन केले. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा १,२५९ हस्तलिखिते तपासली. त्यांपैकी एकही व्यासांच्या हातची नव्हती. सगळ्या नकलाच. पण त्या खोट्या म्हणून कुणी टाकल्या नाहीत. प्रत्येक नकलेला साक्षीदार मानले, तिचा वेगळा पाठ तळटीपेत नोंदवला. कोणत्या प्रदेशात काय वाचले जात होते, हे त्या तळटीपांतूनच कळते. व्हिडिओ गेमच्या संग्राहकाने हीच शिस्त उचलावी. ‘९९९९ इन १’ची कॅसेट ही बनावट वस्तू नव्हे, ती आपल्या प्रदेशाची पोथी आहे.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर कुणी म्हणेल, की पोथीची नक्कल आणि चोरीचा माल एक कसे? पोथी लिहून घेणारा कुणाचे उत्पन्न बुडवत नव्हता. कॅसेटच्या कारखान्याने मूळ कलावंताला छदामही दिला नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. नकलेला साक्षीदार मानणे म्हणजे तिला निर्दोष ठरवणे नव्हे. उलट तिच्याशेजारी स्पष्ट लिहावे, की हा गेम अमुक कंपनीचा, अमुक सालचा, आणि ही प्रत तिच्या परवानगीविना केलेली. तशी पाटी लावल्याने इतिहास अधिक खरा होतो. नक्कल लपवल्याने मात्र कलावंताचे देणे फिटत नाही, खेळणाऱ्याचा पुरावा तेवढा जातो.

पुरावा जाण्याचे भय कल्पित नाही. जुलै २०२३मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२४मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने, अशा बाजारात नसलेल्या गेमचा अभ्यास संशोधकांना ग्रंथालयाबाहेरून करू देण्याची मागणी नाकारली. ज्या देशात कंपन्या, संग्रहालये, अधिकृत नोंदी सगळे आहे, तिथे ही स्थिती. आपल्या टीव्ही गेमच्या डब्यावर तर पुष्कळदा धड निर्मात्याचे नावही नसते. तो कोणत्या बाजारातून आणला, केवढ्याला पडला, एका यंत्रावर गल्लीतली किती मुले पाळीपाळीने बसत, कोणत्या खेळाला कोणते नाव पडले होते, हे कोणत्याच दप्तरात नाही. ते आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि आठवणीलाही त्या नाण्याएवढ्या सेलसारखीच मुदत आहे.

म्हणून संग्राहकाचे मोल त्याच्या प्रती किती आणि किती कोऱ्या, यावर मापू नये. माझी कसोटी साधी आहे. त्याच्याकडे एक वही आहे का? प्रत्येक कॅसेट कुणाकडून आली, तिच्यावर कोण खेळले, आत कुणाचे नाव सापडले, कोणता पाठ तिच्यात आहे, सेल कधी बदलला, हे त्याने लिहिले आहे का? त्याच्या कपाटात परदेशी प्रतीशेजारी गल्लीतल्या टीव्ही गेमला जागा आहे का? आणि निदान एक यंत्र असे आहे का, जे पाहुण्याच्या हाती देऊन तो बाजूला बसतो? ही तीन उत्तरे होकारार्थी असतील, तर दहा कॅसेटचा संग्रहही अभ्यासाचे साधन ठरतो. नसतील, तर पावणेसातशे कॅसेटची भिंतही केवळ खरेदीची पावती उरते. पलंगाखालचे खोके आधी बाहेर काढावे, आणि त्यावर खेळलेली माणसे बोलती आहेत तोवर वही उघडावी.