पांडुरंगाचे सोबती

तुसड्या माणसाची आपल्याकडे एक ठरीव पारख आहे. जो चारचौघांत बसत नाही, बसला तर हसत नाही आणि हसला तर कुणाला तरी हसतो, तो तुसडा. असा एखादा मुलगा घरात निघाला की आई म्हणते, स्वभावच तसा त्याचा. वडील म्हणतात, शिकून बिघडला. आणि शेजारपाजारचे लोक 'लग्न करून टाका' म्हणून मोकळे होतात. त्याला आपल्या सोबत्यांविषयी खरोखर काय वाटते, हे मात्र कुणी विचारीत नाही. विचारले तरी तो सांगणार नाही, आणि सांगितलेच तर वाकडे सांगेल, अशी आपली खात्री असते.

मराठी कादंबरीच्या घरात असा मुलगा १९६३ साली निघाला. त्याचे नाव पांडुरंग सांगवीकर आणि कादंबरीचे नाव 'कोसला'. लेखक भालचंद्र नेमाडे हे जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्याच्या सांगवीचे. पुस्तक पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढले तेव्हा लेखकाचे वय पंचवीस होते, आणि कादंबरीत आपली हकीकत सांगणाऱ्या पांडुरंगाचेही तेवढेच. पुढे नेमाडे धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवीत होते. १९९० साली त्यांना 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि २०१४ सालचे ज्ञानपीठही मिळाले. परंतु खानदेशातल्या पुष्कळ घरांत त्यांची ओळख अजूनही 'कोसलावाले' अशीच आहे.

या पुस्तकाविषयी एक तक्रार वडीलधाऱ्या मंडळींकडून नेहमी ऐकू येते. ती अशी की, यातला नायक कुणालाच चांगले म्हणत नाही. प्राध्यापक, पुढारी, साहित्यिक, वसतिगृहातले मित्र, गावातले लोक, साऱ्यांची तो टर उडवतो. असे पुस्तक कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या हाती पडले तर तोही जगाकडे तिरकस पाहू लागेल. ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जी कादंबरी तरुण मुले एवढ्या आवडीने वाचतात, ती त्यांना माणसांचा तिटकारा शिकवीत असेल, तर ते आईबापांनी पाहावयास हवे. तेव्हा पांडुरंगाने आपल्या सोबत्यांना कसे वागवले आणि सोबत्यांनी त्याला कसे, हेच एकदा नीट तपासून पाहू.

पहिली गोष्ट ही, की पांडुरंग पुण्यास गेला तो तुसडा म्हणून गेला नाही. उलट हौसेने गेला. खात्यापित्या शेतकऱ्याचा एकुलता मुलगा, घरी कडक वडील, आई, आजी आणि बहिणी. नाटकाची आणि बासरीची आवड वडिलांनी मोडून काढलेली. पुण्यात आता आपल्याला कोण अडवणार, या भावनेने तो सगळ्यांत पडतो. वक्तृत्वमंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, स्नेहसंमेलनात नाटक बसवतो. आणि हे सारे करताना भोवतीच्या मुलांवर मोकळ्या हाताने पैसा खर्च करतो. मग परीक्षा बिघडते, पैशांचा गोंधळ होतो, वडील संतापतात. ज्यांच्यासाठी खर्च झाला ते आपापल्या अभ्यासाला लागलेले असतात.

शहरातला वाचक म्हणेल, यात नवल ते काय? उधळ्या मुलाची हीच गत व्हावयाची. परंतु खेड्यातल्या माणसाला यातली मेख चटकन कळेल. खेड्यात सोबती निवडावयाचे नसतात. शेताच्या बांधाला ज्याचा बांध लागतो तो सोबती. लग्नात मांडव घालावयास येतो आणि मयतीला खांदा देतो तो सोबती. त्याच्याशी पटो वा न पटो, भांडण झाले तरी तो सुटत नाही. अशा गावातल्या सधन घरात आल्यागेल्याला जेवू घालणे हा उपकार नसतो. ती घराची रीत असते. पांडुरंग हीच रीत पुण्यास घेऊन गेला. त्याने वसतिगृहाला आपला ओटा समजून पाहुणचार केला. ओट्यावर बसलेल्यांनी त्याला चहा पाजणारा एक मुलगा समजून चहा घेतला. त्यांनी काही लबाडी केली असे नाही. तिथला व्यवहारच तसा होता. पण यजमानाला जेव्हा कळते की आपल्याकडे पाहुणे आलेच नव्हते, नुसती गिऱ्हाइके येऊन गेली, तेव्हा त्याच्या तोंडून जे हसू निघते, ते पांडुरंगाचे हसू होय.

म्हणून त्याच्या तुच्छतेला मी दुखावलेला पाहुणचार म्हणेन. ज्याने माणसांकडून काही अपेक्षाच केली नाही, तो इतका चिडत नाही. ग्रीक देशात डायोजेनिस नावाचा एक विक्षिप्त तत्त्वज्ञ होऊन गेला. तो भर दुपारी हातात दिवा घेऊन बाजारात माणूस शोधीत हिंडे, अशी कथा आहे. त्याच्या पंथाला लोक कुत्र्यावरून पडलेल्या नावाने ओळखीत, आणि 'सिनिक' हा शब्द तिथूनच आला. या कथेत आपण दिव्यावर हसतो आणि पायपीट विसरतो. माणूस सापडेल असे मनात कुठेतरी वाटल्याशिवाय कोण उन्हातान्हात दिवा घेऊन हिंडेल?

आता पांडुरंगाच्या बोलण्याची तऱ्हा पाहा. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे त्याचे दोन शब्द तर इतके गाजले, की एका पिढीतली मुले तसेच बोलू लागली. ती नक्कल होती, आणि नक्कल करणाऱ्यांना त्या शब्दांचे काम समजले होते असे नाही. 'उदाहरणार्थ' म्हटले की समोरचा माणूस हा एक नमुना होतो. त्याच्या जागी दुसरा कोणीही चालेल. 'वगैरे' म्हटले की सुरू झालेली भावना पुरी करण्याची जबाबदारी टळते. दोन्ही शब्द माणसाला हातभर दूर ठेवणारे आहेत. पण गंमत अशी, की पांडुरंग हे शब्द पहिल्यांदा स्वतःला लावतो. आपले वय, आपले शिक्षण, आपले दुःख, सारे त्याच्या लेखी उदाहरणार्थच आहे. खरा आणि खोटा तुसडा ओळखण्याची हीच खूण आहे. खोटा तुसडा स्वतःला वगळून जगाला हसतो. पांडुरंगाच्या हसण्यातून पांडुरंग सुटत नाही.

शिवाय सगळे सोबती त्याच्या लेखी सारखेही नाहीत. सुरेश बापट हा मित्र पाहा. हे दोघे मिळून इतिहासाचा एक अफलातून खेळ मांडतात. आपण पुढच्या कुठल्याशा काळातले संशोधक आहोत आणि आजच्या या जगण्याचा इतिहास शोधून काढीत आहोत, असे समजून ते आपल्याच काळाकडे पाहतात. वाचताना हसू आवरत नाही. त्या हसण्यात एक गोष्ट मात्र निसटून जाते. टवाळी एकट्याने केली म्हणजे ती कडू होते. दोघांनी मिळून केली की तिचा खेळ होतो, आणि खेळाला सोबती लागतो. जगावर विश्वास नाही असे सांगणाऱ्याला, हे सांगण्यापुरता तरी एक विश्वासाचा माणूस हवाच असतो. पांडुरंगाला तो मिळाला होता, आणि तेवढी पाने वाचताना पुस्तकाचा सूर मोकळा होतो.

मग मनीचा मृत्यू येतो. धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते. इथे पांडुरंगाची सारी हत्यारे गळून पडतात. ज्याने प्रत्येकाचा नमुना केला, त्याला मनीचा नमुना करता येत नाही. तिच्या जागी दुसरी कोणी चालणार नाही. आणि हे दुःख सांगावे असा सोबतीही त्याला दिसत नाही. जळगावपासून जवळच असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत तो बुद्धापुढे उभा राहतो, तेव्हा त्याची सोबत दगडातल्या तथागताची असते. भोवती जिवंत माणसे असताना बोलावयास एवढेच उरावे, हे या कादंबरीतले सर्वांत मोठे एकटेपण आहे.

इथे एका जुन्या पुस्तकाची आठवण होते. तेही खानदेशाशी जवळीक सांगणारेच आहे. साने गुरुजी कोकणातले. पण अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी शिकवले आणि तिथले छात्रालय सांभाळले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तीही गुरुजींनीच टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. श्यामची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती कशी सांगितली आहे, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आश्रमातले सोबती रात्री भोवती बसले आहेत आणि रात्रीमागून रात्र श्याम आपल्या आईची आठवण सांगत आहे. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, सांगणाऱ्याचे मन हलके होते. श्यामला दुःख होतेच, पण त्याला कोंडाळे होते.

पांडुरंगाला कोंडाळे नाही. दोन्ही पुस्तके घरातल्या प्रेमाच्या माणसाच्या जाण्याने ओली झालेली आहेत. एकाचे अश्रू वाहिले आणि दुसऱ्याचे गोठले, यात स्वभावाचा भाग असेलच. पण ऐकणारे भोवती होते की नव्हते, यानेही मोठा फरक पडला. सोबत्यांना हसणाऱ्या मुलाची चौकशी करताना, त्याचे ऐकावयास कोण बसले होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

अमेरिकेत सॅलिंजर या लेखकाची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १९५१ साली आली. 'कोसला'ची तुलना तिच्याशी पुष्कळदा केली जाते. तिथला होल्डनही सोबत्यांना ढोंगी म्हणतो, त्याचाही धाकटा भाऊ वारलेला आहे, आणि शेवटी, ज्यांच्याविषयी इतके वाईट सांगितले त्यांचीच त्याला आठवण येऊ लागते. पण होल्डनचा शेवट आठवणीवर होतो. पांडुरंगाला गाव आहे, आणि त्याला परत यावे लागते. पदवी नाही, नोकरी नाही. गावात त्याच्यासारखीच रिकामी हिंडणारी मुले आहेत. तो त्यांच्यात बसू लागतो. हे सोबती त्याने निवडलेले नाहीत, आणि इथे पैसे देऊन कुणाला बांधून ठेवण्याचाही प्रश्न नाही. त्यांच्याकडे पाहताना त्याची नजर तिरकस राहते, पण वरून पाहणारी राहत नाही. आपण यांच्यातलेच एक, हे त्याला कळून चुकलेले असते.

लेखकाने हे पुस्तक शंभरांतल्या नव्व्याण्णव जणांना अर्पण केले आहे. माणसांचा तिटकारा असणारा लेखक उरलेल्या एकाला, निवडक रसिकाला, अर्पण करता. नव्व्याण्णवांना जवळ करणारे हे पुस्तक तुच्छतेचे कसे म्हणावे?

याचा अर्थ पांडुरंगाचे सारेच बरोबर, असा नव्हे. सोबत्यांना आपण फक्त त्याच्या खिडकीतून पाहतो. त्यांनाही घरून पत्रे येत असतील, त्यांच्याही ट्रंकेत न सांगितलेले काही असेल. पांडुरंगाने ते कधी विचारले नाही. वडिलांच्या कडकपणामागे शेतीची कोणती चिंता होती, हेही त्याने फारसे पाहिले नाही. आपल्याला कुणी ऐकत नाही म्हणणाऱ्याने दुसऱ्याचे किती ऐकले, हा हिशेब कादंबरीत अर्धाच मांडला आहे. कोसला म्हणजे कोष. रेशमाचा किडा तो आपल्याच लाळेने विणतो. बाहेरून कुणी त्याला कोंडीत नाही. नाव ठेवताना लेखकाला हे दिसले होते. पांडुरंगाला ते कितपत दिसले, याविषयी मला शंका आहे, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

तरीही पुस्तक मुलांच्या हाती द्यावे, एवढेच नव्हे तर आईबापांनीही वाचावे, असे मी म्हणेन. पांडुरंगाच्या काळी खानदेशातली महाविद्यालये पुण्याच्या विद्यापीठाला जोडलेली होती. जळगावला स्वतःचे विद्यापीठ १९९० साली झाले आणि आता ते बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. पण मुलांचे पुण्याला जाणे थांबलेले नाही. यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यांतून, शिरपूर-साक्रीच्या गावांतून निघालेली मुले आजही तिथे स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी एकेका खोलीत चारचार जण राहतात. दिवाळीत ती घरी येतात. फराळाचे ताट पुढे असताना मित्रांचा विषय निघाला की एखादा तोंड वाकडे करून म्हणतो, 'कसले मित्र? सगळे कामापुरते.' घरचे लोक समजतात, पोरगा तुसडा झाला. तसे झालेही असेल. पण ते ठरवण्याआधी ताटात आणखी एक करंजी वाढावी, जवळ बसावे, आणि त्याने कुणाकुणाला चहा पाजला होता ते हळूच विचारावे. पहिल्याने तो 'वगैरे' म्हणून टाळील. उठून जाऊ नये.