डॉल्फिनची ‘बोली’ आणि वर्गाचा हजेरीपट

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती प्राण्यांनाही लावण्याचा मोह होतो. दोन ठिकाणच्या डॉल्फिनच्या शिट्ट्या वेगळ्या आढळल्या की ‘डॉल्फिनलाही बोलीभाषा असतात’ असे मथळे छापून येतात आणि वर्गातही तेच सांगितले जाते. फरक आढळतो हे खरे. पण त्या फरकाला बोली म्हणावे का, हे आम्हाला येथे तपासायचे आहे.

एक उदाहरण घेऊ. आयर्लंडमधील शॅनन नदीच्या खाडीत आणि वेल्समधील कार्डिगन उपसागरात बॉटलनोज जातीचे डॉल्फिन राहतात. एका विद्यार्थ्याने दोन्हीकडच्या मिळून १,८८२ शिट्ट्यांची ३२ प्रकारांत वर्गवारी केली. बहुतेक प्रकार दोन्हीकडे सापडले. ८ प्रकार मात्र फक्त शॅननमध्ये ऐकू आले. २००७ साली ही बातमी ‘आयरिश डॉल्फिनची बोली’ म्हणून गाजली. अशी नोंद करणे उपयोगाचेच आहे. आमचा आक्षेप तिच्यावर चढविलेल्या अर्थाला आहे.

बॉटलनोज डॉल्फिनमध्ये प्रत्येकाची स्वतःची वेगळी शिट्टी असते, हे मेल्बा व डेव्हिड कॉल्डवेल यांनी १९६५ मध्ये दाखविले. पुढे २००६ मध्ये फ्लोरिडातील सारासोटा येथे एक प्रयोग प्रसिद्ध झाला. शिट्टीतील आवाजाची खास ढब काढून टाकून फक्त तिचा चढउतार राखला, तरीही डॉल्फिन आपल्या नातेवाइकांची शिट्टी ओळखत असल्याचे दिसले. म्हणजे ही शिट्टी बरीचशी नावासारखी आहे. आता दोन शाळांचे हजेरीपट शेजारी ठेवा. एकीकडची काही नावे दुसरीकडे मुळीच नसतील. तेवढ्यावरून दोन्ही शाळांतील मुले वेगळी भाषा बोलतात, असे आपण म्हणू का? शॅननच्या त्या ८ प्रकारांत अशा ओळखीच्या शिट्ट्या किती, हे वेगळे काढल्याशिवाय बोलीचा निष्कर्ष निघत नाही.

दुसरी अडचण परिसराची. जपानजवळच्या मिकुरा, ओगासावारा आणि आमाकुसा या ठिकाणच्या हिंद-प्रशांत बॉटलनोज डॉल्फिनचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे पाण्यात गोंगाट जास्त, तेथील शिट्ट्या खालच्या पट्टीतल्या आणि कमी चढउताराच्या होत्या. गोंगाटातही आवाज पोचावा म्हणून हा बदल झाला असावा, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. रस्त्यालगतच्या शाळेतील शिक्षक मोठ्याने बोलतात, म्हणून त्यांची बोली वेगळी ठरत नाही.

मग डॉल्फिनच्या कुळात बोली हा शब्द कोठेच लागू पडत नाही का? पडतो. किलर व्हेलच्या नावात व्हेल असली तरी ती याच कुळातली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावरील १६ कळपांचा अभ्यास जॉन फोर्ड यांनी १९९१ मध्ये मांडला. प्रत्येक कळपाच्या ७ ते १७ ठराविक हाका होत्या. काही कळपांच्या हाका अंशतः जुळत, तर काहींच्या मुळीच जुळत नसत. हे कळप एकाच पाण्यात वावरतात, एकमेकांत मिसळतात, तरीही हाका वेगळ्या राहतात. म्हणजे परिसराचे कारण येथे पुरत नाही. आनुवंशिक तपासणीत पिल्लांचे वडील बहुधा वेगळ्या हाकांच्या कळपातले निघाले, पण पिल्लांच्या हाका आईच्या कळपाच्याच. तेव्हा या हाका सहवासात शिकल्या जातात, हाच सर्वांत पटणारा अर्थ.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. याच किनाऱ्याच्या दक्षिण भागातील तीन कळपांत मिळून आज सुमारे ७५ प्राणी उरले आहेत. ते नाहीसे झाले तर पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेलेला हाकांचा एक संचही जाईल. प्रत्येक फरकाला बोली म्हणू लागलो, तर या खऱ्या हानीचे गांभीर्य विद्यार्थ्यांना कसे कळावे?

म्हणून अशी बातमी वर्गात न्यायची तर तिला तीन प्रश्न विचारावेत. तुलना एकाच जातीत आहे का? (कोकणच्या सहलीत दिसणारे डॉल्फिन बहुधा हम्पबॅक जातीचे असतात, त्यांचा आवाज बॉटलनोजहून वेगळा निघाला तर तो जातीचा फरक होय.) व्यक्तींच्या ओळखीच्या शिट्ट्या वेगळ्या काढल्या आहेत का? आणि परिसर किंवा आनुवंशिकता यांनी तो फरक समजावता येतो का? या तिन्हींतून जो फरक टिकेल, त्यालाच बोली म्हणावे. विद्यार्थ्यांनी डॉल्फिनविषयी एखादी नवलकथा कमी ऐकली तरी चालेल. पुरावा कसा तपासावा हे मात्र ते शिकतील.