फाशांची बखर : रॉबर्ट कूव्हर यांच्या कादंबरीतील नोंद आणि न्याय

रॉबर्ट कूव्हर (१९३२-२०२४) यांची 'द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इंक., जे. हेन्री वॉ, प्रॉप.' ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्याविषयीचे बरेचसे विवेचन एका नावाच्या उकलीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. नायकाच्या नावातून हिब्रू परंपरेतील ईश्वरनामाची चार व्यंजने जुळविता येतात. जॉक केसी या खेळाडूची आद्याक्षरे ख्रिस्ताची आहेत. कादंबरीची प्रकरणे आठ आहेत आणि आठव्यात निर्माता दिसेनासा होतो. एवढी जुळणी झाली की कादंबरी म्हणजे निर्मात्याने सोडून दिलेल्या विश्वाची रूपककथा, असा निर्वाळा देता येतो. हा अर्थ चुकीचा नाही. कूव्हर यांनी तो मुद्दामच हाताशी ठेवला आहे. परंतु जो अर्थ इतक्या सहज हाती लागतो तो कादंबरीचे केंद्र असेलच असे नाही. हेन्री वॉ हा ईश्वर असण्याआधी हिशेबनीस आहे, आणि या कादंबरीतील खरा पेच त्याच्या हिशेबनीसपणात आहे.

कथानक थोडक्यात असे. छप्पन वर्षांचा, एकटा राहणारा हेन्री एका हिशेब-पेढीत नोकरी करतो. पेढीच्या एका मालकाचे नाव झिफरब्लाट, म्हणजे जर्मन भाषेत घड्याळाची तबकडी. कामावर उशिरा येणाऱ्या माणसाला यापेक्षा समर्पक मालक मिळणे कठीण. रात्री स्वयंपाकघरातील टेबलावर हेन्री तीन फाशांच्या साहाय्याने आठ संघांची एक बेसबॉल लीग चालवितो. कोणते दान पडले असता मैदानावर काय घडले असे समजावयाचे, याचे तक्ते त्याने स्वतः तयार केले आहेत. खेळाडूंना नावे तोच देतो, आणि नाव ठरल्याखेरीज माणूस उभा राहत नाही अशी त्याची श्रद्धा आहे. खेळाडू म्हातारे होतात, निवृत्त होतात, विमाकंपन्यांच्या धर्तीवरील मृत्युतक्त्यांनुसार मरतात. लीगमध्ये निवडणुका होतात, पक्ष पडतात, पोवाडे रचले जातात. या सर्वांची नोंद हेन्री वह्यांच्या चळतींमधून करीत आला आहे. कादंबरी उघडते तेव्हा लीगचे छप्पन्नावे वर्ष सुरू आहे.

फाशांवर बेसबॉल खेळणे ही काही कूव्हर यांची कल्पना नव्हे. 'एपीबीए' हा अशा प्रकारचा खेळ अमेरिकेत १९५१ साली आणि 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' १९६१ साली बाजारात आला. त्यांतील पत्ते खऱ्या खेळाडूंच्या गत हंगामातील कामगिरीवर बेतलेले असतात. शाळेत पाठ्यपुस्तकाची पाने उघडून पृष्ठांकावरून धावा मोजणाऱ्या मराठी मुलांनाही ही वृत्ती अपरिचित नाही. बेसबॉल या खेळाचा पिंडच मुळी आकडेवारीचा. क्रिकेटप्रमाणेच, किंबहुना त्याहून अधिक काटेकोरपणे, त्यातील प्रत्येक कृती सुटी करून मोजता येते. हेन्री प्रत्यक्ष मैदानावर जाऊन सामने पाहण्याचा कंटाळा करतो. त्याला हवा असतो तो सामना संपल्यावर उरणारा तक्ता. खेळ ही त्या तक्त्याची केवळ पूर्वअट आहे. ही विक्षिप्तता म्हणून हसण्यावारी नेता येईल. तथापि घडलेल्यापेक्षा नोंदलेले अधिक खरे मानणे हीच तर इतिहासकाराची वृत्ती नव्हे काय, असा प्रश्न कादंबरी पहिल्या पन्नास पानांतच उभा करते.

या वृत्तीचा दुसरा नमुना कादंबरीबाहेर, वास्तवातच सापडतो. जॅक केरुआक यांनी मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे कुमारवयातच स्वतःची एक काल्पनिक बेसबॉल लीग निर्माण केली होती. पिट्सबर्ग प्लिमथ्स, सेंट लुईस कॅडिलॅक्स अशी मोटारींवरून ठेवलेली संघांची नावे, पत्त्यांवर चालणारा खेळ, आणि त्यावर स्वतः टंकलिखित केलेली वार्तापत्रे. प्रौढपणीही ते हा खेळ खेळत राहिले. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतील त्यांच्या कागदपत्रांच्या आधारे या लीगवर २००९ साली एक स्वतंत्र पुस्तकच निघाले. उत्स्फूर्त, न थांबणाऱ्या गद्याचा पुरस्कर्ता म्हणून ज्यांची ख्याती, ते केरुआक येथे कारकुनाच्या चिकाटीने सरासऱ्या काढीत बसलेले दिसतात, हे मौजेचे आहे. पण या लीगमध्ये अरिष्ट नाही. कोण जिंकले, कोण हरले, कोणाचा खांदा दुखावला, याची वार्ता क्रीडाप्रतिनिधीच्या खेळकर सुरात येते आणि पुढचा सामना सुरू होतो. जे पडेल त्याच्याशी वृत्तांतकाराचे भांडण नसते.

कूव्हर यांची कादंबरी सुरू होते ती असे भांडण निर्माण होण्याच्या नेमक्या क्षणी. डेमन रदरफर्ड हा नवोदित पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू, 'परफेक्ट गेम' पूर्ण करतो. प्रतिपक्षाचे सत्तावीस बॅटर येतात आणि सत्तावीसही एकदाही पहिला तळ न गाठता बाद होतात. प्रत्यक्ष बेसबॉलच्या इतिहासातही ही घटना अत्यंत दुर्मिळ. डेमन हा पूर्वीच्या पिढीतील महान खेळाडू ब्रॉक रदरफर्ड याचा मुलगा. साहजिकच हेन्रीच्या मनात फाशांनी न सांगितलेली एक कथा आकार घेऊ लागते : वंश, वारसा, नवे युग. येथे त्याच्या हिशेबनीसपणाला पहिला तडा जातो. त्याला डेमन आवडू लागतो. ज्याला खातेदार आवडतो त्या हिशेबनिसाचे पुढे काय होणार, हे वाचकाला तेथेच कळून चुकते.

पुढच्या एका सामन्यात, पित्याच्या गौरवाच्या दिवशीच, डेमन स्वतः बॅट घेऊन उभा असताना तीन एक असे दान लागोपाठ पडत जाते आणि हेन्रीला असाधारण घटनांच्या तक्त्याकडे वळावे लागते. तेथे लिहिलेले असते : चेंडू डोक्याला लागून बॅटरचा मृत्यू. चेंडू फेकणारा जॉक केसी. हा तक्ता हेन्रीनेच कधीकाळी, खेळ जिवंत राहावा म्हणून बनविलेला. मृत्यूची ही शक्यताही कल्पनेतून आलेली नाही. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे कार्ल मेज यांचा चेंडू डोक्याला लागून क्लीव्हलंडचे रे चॅपमन दुसऱ्या दिवशी मरण पावले होते. तीन फाशांची दाने २१६ प्रकारांनी पडू शकतात. तीन एक सलग तीनदा पडण्याची शक्यता १,००,७७,६९६ मध्ये एक. इतके दुर्मिळ ते निरर्थक असू शकत नाही, असे मानवी मनाला वाटते. फाशांच्या दृष्टीने मात्र ते इतर कोणत्याही तीन ठरावीक दानांइतकेच शक्य आणि तितकेच अर्थशून्य असते.

यानंतरची प्रकरणे ही शोकाची आहेत, आणि कादंबरीचा सर्वांत कसदार भागही तोच. हेन्री नोकरीवर जात नाही, दारू पितो, नोंदी साचत जातात. टेबलावरील मैदान आणि खानावळीतील माणसे एकाच वाक्यात एकमेकांत मिसळतात. वाक्य हेन्रीचे म्हणून सुरू होते आणि मृत खेळाडूच्या सहकाऱ्याचे म्हणून संपते. मधला सांधा दिसत नाही. निवेदक तृतीयपुरुषी राहूनही पात्राच्या भ्रमाशी इतका समरस होतो की, हा भ्रम आहे असे म्हणण्याची जागाच वाचकाला मिळत नाही. (हेटी या स्त्रीपात्राच्या वाट्याला मात्र या समरसतेचा अंशही आलेला नाही. डेमनचे रूप घेऊन हेन्री तिच्याजवळ जातो तेव्हा ती केवळ एक प्रेक्षागृह असते. कादंबरीतील ही उणीव काळाच्या नावावर खपविणे योग्य नव्हे.)

शोकापेक्षा असह्य असते ती नंतरची शांतता. फासे केसीला शिक्षा करीत नाहीत. तो खेळत राहतो, जिंकत राहतो. रॉजे कायवा यांनी १९५८ साली खेळांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात स्पर्धा आणि यदृच्छा या दोन परस्परविरोधी वृत्ती आहेत. स्पर्धेत कर्तृत्वाला मोल असते. यदृच्छा कर्तृत्व ओळखतच नाही. बेसबॉल हा स्पर्धेचा खेळ, हेन्रीने तो यदृच्छेच्या आधारावर उभा केलेला. इतकी वर्षे ही विसंगती त्याला जाणवली नाही, कारण सरासऱ्यांच्या पातळीवर यदृच्छाही कर्तृत्वासारखीच दिसते. एका मृत्यूने ती उघडी पडली.

शेवटी ल्यू एंगल हा मित्र पिझ्झा घेऊन खेळावयास येतो, धसमुसळेपणाने खेळतो, तक्त्यांवर बिअर सांडून निघून जातो. ओल्या कागदांसमोर बसलेल्या हेन्रीपुढे दोन मार्ग उरतात : लीग कायमची बंद करणे, किंवा तिला वाचविणे. केसीवर निर्णायक दान येते तेव्हा तो ते पडू देत नाही. क्षमा मागून एकेक फासा हाताने मांडतो : सहा, सहा, सहा. डेमनच्या संघातील कॅचर रॉयस इन्ग्रम याने टोलविलेला चेंडू थेट येऊन केसीचा प्राण घेतो, आणि त्याच क्षणी हेन्रीला टेबलावरच ओकारी होते.

या कृतीला फसवणूक म्हणावे काय? योहान हाइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स'मध्ये (१९३८) लबाड खेळाडू आणि खेळमोड्या यांत भेद केला आहे. लबाड नियम मोडतो, परंतु खेळाचे वर्तुळ मानल्याचे दाखवितो. खेळमोड्या ते वर्तुळच नाकारतो. हेन्री या दोहोंत बसत नाही. शकुनीला फाशांतून राज्य हवे होते. हेन्रीला मिळवायचे काहीच नाही, समोर हरणाराही नाही. खेळ मोडू नये एवढ्यासाठी त्याने खेळाचा प्राणभूत नियम मोडला आहे. फासा हातातून सुटला की त्यावर आपली सत्ता नाही, या एका अटीवर त्याच्या वह्यांचा सच्चेपणा उभा होता.

येथे हेडन व्हाइट यांच्या १९८० सालच्या विवेचनाची आठवण होते. केवळ वर्षवार नोंदी, कालानुक्रमे लिहिलेला वृत्तांत आणि इतिहास असे भेद करून त्यांनी दाखविले की, सेंट गालच्या वर्षवार नोंदींत कित्येक वर्षांपुढे काहीच लिहिलेले नाही आणि त्या लेखकाला त्याची खंतही नाही. वृत्तांत कथा होऊ पाहतो पण मध्येच तुटतो. आणि पूर्ण कथानक लाभते ते घटनांना नैतिक अर्थ देण्याच्या ओढीतून. मराठी वाचकाला हे बखरींच्या अनुभवावरून उमगण्यासारखे आहे; पानिपताचा पराभव सांगणाऱ्या भाऊसाहेबांच्या बखरीला नुसता घटनाक्रम पुरत नाही. मात्र बखरकार घडून गेल्यावर अर्थ लावतो. हेन्रीने अर्थासाठी घटनाच घडविली. डेमनच्या मृत्यूला कथानक हवे होते, ते पुरविण्याकरिता केसीला मरावे लागले. नैतिक अर्थाची किंमत येथे दुसऱ्या एका मृत्यूच्या रूपाने मोजली गेली आहे, आणि ती मोजणाऱ्याला ओकारी आवरली नाही, ही कूव्हर यांची प्रामाणिकता होय.

परंतु त्याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे. हेन्रीच्या खतावणीत हे दोन्ही मृत्यू एकसारखेच उतरणार. तीन एकांचे दान पडले, तीन सहांचे दान मांडले गेले. वहीत मात्र दोन्हीकडे केवळ दान, तक्त्याचा हवाला आणि खेळाडूचे नाव. खाडाखोड नाही, शाईचा रंग वेगळा नाही. कोणताही लेखापरीक्षक हा फरक शोधू शकणार नाही. बनावट नोंदीची खूण नोंदीत नसते, हे आयुष्यभर हिशेब तपासणाऱ्या माणसाइतके दुसरे कोणाला ठाऊक असणार?

आठव्या प्रकरणाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. लीगची आणखी शंभर वर्षे उलटली आहेत. हेन्रीचे नावही नाही. डेमन आणि केसी यांचे मृत्यू आता वार्षिक विधी झाले आहेत. नवोदित खेळाडूंना त्यांच्या भूमिका देऊन तो प्रसंग पुन्हा घडविला जातो. त्यांतील वध प्रतीकात्मक की प्रत्यक्ष, हे भूमिका करणाऱ्यांनाही ठाऊक नसते. डेमनवादी आहेत, केसीवादी आहेत, दोघेही कधी झालेच नाहीत असे म्हणणारेही आहेत. पंथोपपंथांच्या नावांची ही गर्दी वाचकाची दमछाक करते, आणि थोडी छाटणी येथे उपकारक ठरली असती. तरीही या गर्दीला एक अर्थ आहे. हे सारे भाष्यकार एकाच वहीवर भाष्य करीत आहेत, आणि त्यांच्या वादाचे मूळ जेथे आहे ते ठिकाण, म्हणजे स्वयंपाकघरातील टेबलावरचा तो हात, त्या वहीत नाही. ईश्वर नाहीसा झाला, हे या प्रकरणाचे सर्वमान्य वाचन. पण ईश्वराच्या अभावापेक्षा एका नोंदीचा अभाव येथे अधिक परिणामकारक आहे. हेन्रीने समासात एक ओळ लिहिली असती, 'हे दान पडले नाही', तर हा विधी उभाच राहिला नसता. कदाचित लीगही राहिली नसती.

पॉल ट्रेंच या तरुण कॅचरच्या वाट्याला यंदा रॉयस इन्ग्रमची भूमिका आली आहे. आपण येथे का आहोत, हे त्याला कळत नाही. विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्याने करून पाहिले आहेत. तो डेमनची भूमिका करणाऱ्या हार्डी इन्ग्रमजवळ चालत जातो. डेमनच्या हातात चेंडू आहे, ऊन पडले आहे, सामना अद्याप सुरू व्हावयाचा आहे.