पायांना कळलेला वादक

बेस गिटार हे गिटारीहून एक सप्तक खाली बोलणारे, चार जाड तारांचे वाद्य. गडचांदुरातील लग्नमांडवात राहुलदेव बर्मन यांचे एखादे जुने गीत लागले, की मंडळी गायकाची वाहवा करितात. पाय मात्र ज्याच्यावर हालतात तो बेसवादक कोणास ठाऊक नसतो. त्यांच्या वृंदात ही कामगिरी टोनी वाझ करीत. एकच ठेका न कंटाळता राखावयाचा आणि योग्य जागी गप्प बसावयाचे, ही डग्ग्यावरील हाताचीच साधना होय. आमचे रसिक (समीक्षकही!) बोटांच्या वेगालाच कौशल्य समजतात. अमेरिकेत जेम्स जेमरसन यांचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर यावयास १९७१ साल उजाडले; आमच्या तबकड्यांवर गायक, गीतकार व संगीतकार यांखेरीज वादकाचे नाव क्वचितच छापलेले असे.